गाडीला ओरखडा पडला? आधी नख फिरवा, मग खिशात हात घाला

कंधार : तालुक्यात आता गावोगावी दारापुढं चारचाकी उभी दिसते. कोणी सोयाबीन-तुरीच्या पैशात भर घालून सेकंड हँड घेतलेली, कोणी फायनान्सवर नवी काढलेली. गाडी कशीही असो, चालवायची इथल्याच रस्त्यावर. पांदणीत दोन्ही बाजूंनी येडी बाभूळ आत वाकलेली असते आणि समोरून तुराट्यांनी भरलेली ट्रॉली आली की गाडी काट्यात घातल्याशिवाय इलाज नसतो. घरी येऊन बघावं तर डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर पुढून मागपर्यंत रेघ.

यानंतर बहुतेक वेळा दोनपैकी एक चूक होते. कोणी घाबरून अख्खं दार रंगवून घेतो, जे काम नुसत्या पॉलिशवर भागलं असतं. कोणी 'चालतंय की' म्हणून सोडून देतो आणि दोन पावसाळ्यांत तिथं पत्र्याला गंज धरतो. दोन्हीकडे पैसा जातो. ओरखडा किती लांब आहे याला फार महत्त्व नाही. तो किती खोल गेला, यावर सगळा खर्च ठरतो. आणि ही खोली घरच्या घरी, एक रुपया खर्च न करता तपासता येते.

रंगाचे थर किती?

कारच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर काचेसारखं पारदर्शक लॅकर. चमक असते ती या लॅकरची. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. झेरॉक्सचा एक कागद साधारण 100 मायक्रॉनचा असतो. म्हणजे पूर्ण रंग मिळून कागदाएवढा किंवा त्याहून थोडा जाड. त्यात वरचं लॅकर फक्त 35 ते 50 मायक्रॉनचं. बाभळीचा काटा, पोराच्या हातातला खडा किंवा शर्टाचं बटण काय करू शकतं, हे यावरून लक्षात येईल.

जुन्या काही साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांवर वेगळं लॅकर नसतं, रंगच वरचा थर असतो. ओळखायची खूण सोपी आहे. आडबाजूच्या कोपऱ्यात थोडं पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासावं. रंग पांढरा असेल तर गडद फडकं घ्यावं. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर लॅकर नाही. अशा गाडीवर घासकाम बेतानंच करावं, कारण प्रत्येक घासण्यात रंगच कमी होतो.

नखाची आणि पाण्याची परीक्षा

आधी ती जागा भरपूर पाण्यानं धुवावी. धुळीत ओरखडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. वाळल्यावर सावलीत उभं राहून बोटाचं नख ओरखड्यावर आडवं, हलक्या हातानं फिरवावं.

नख कुठंच अडकत नसेल तर ओरखडा लॅकरमध्येच आहे. आणखी खात्री करायची असेल तर त्यावर पाण्याचा हात फिरवावा. ओलं असताना रेघ गायब झाली आणि वाळल्यावर परत दिसली, तर काम पॉलिशचं आहे.

नख जरासं अडकतं आणि रेघ पांढुरकी किंवा करड्या रंगाची दिसते, तर ओरखडा रंगातून प्रायमरपर्यंत पोचला आहे. हे काम पॉलिशनं होणार नाही.

नख स्पष्ट अडकतं आणि आत चकचकीत धातू किंवा तांबूस डाग दिसतो, तर पत्रा उघडा पडला आहे. इथं थांबून चालत नाही.

कधी कधी आपला रंग गेलेलाच नसतो, उलट समोरच्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग आपल्या गाडीवर चढलेला असतो. गोठ्याच्या चुनखडीच्या भिंतीला घासलं की दिसतं ते बऱ्याचदा हेच. तो थोडासा रबिंग कंपाउंड लावून फडक्यानं घासला की निघतो. पेट्रोल-थिनरनं पुसायला जाऊ नये. पूर्वी रिपेअर झालेला रंग थिनरनं विरघळतो आणि प्लास्टिकचा बंपर खराब होतो.

वरचा ओरखडा : घरी होणारं काम

ऑटोपार्टच्या दुकानात रबिंग कंपाउंड आणि पॉलिश मिळतं. सोबत मऊ मायक्रोफायबर कापड घ्यावं. जुनी साडी, गोणपाट किंवा घरातलं पुसायचं फडकं वापरू नये. गाडी धुतलेली, सावलीत आणि पत्रा गार असावा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून डाग पडतात. वाटाण्याएवढं कंपाउंड घेऊन वितभर जागेतच घासावं, पुसावं, बघावं. समाधान झालं की थांबावं. शेवटी पॉलिश किंवा वॅक्सचा हात द्यावा.

रेघ पूर्ण जायलाच पाहिजे असा हट्ट करू नये. कंपाउंड ओरखडा भरत नाही, ते आजूबाजूचं लॅकर घासून ओरखड्याच्या पातळीला आणतं. लॅकर मुळात 40 मायक्रॉनच्या आसपास. ते संपलं की तिथं रंग निस्तेज होतो, उन्हानं उडतो आणि मग पूर्ण भागच रंगवावा लागतो. म्हणूनच दर सहा महिन्याला मशीननं रबिंग करून घेणं गाडीच्या हिताचं नाही. 1500 किंवा 2000 नंबरचा वॉटर पेपर लावून ओरखडा काढण्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. ते काम हात बसलेल्या माणसाचं आहे. नवख्यानं केलं तर दोन मिनिटांत लॅकर पार होतं.

टूथपेस्टचं काय, असंही विचारलं जातं. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, म्हणून अगदी वरवरची रेघ थोडी कमी होते. खोल ओरखड्यावर तिचा उपयोग नाही. खोबरेल तेल लावलं की रेघ दिसत नाही, पण तेवढ्यापुरतीच. एकदा गाडी धुतली की ती परत दिसते. सेकंड हँड गाडी बघायला गेल्यावर रंगावर तेलकट चमक दिसली तर आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं, मग भावाचं बोलावं.

पत्रा उघडा पडला तर

प्रायमरपर्यंत गेलेला ओरखडा काही दिवस थांबू शकतो. पत्र्यापर्यंत गेलेला थांबू शकत नाही. पावसाचं पाणी, दव आणि धूळ तिथं बसते आणि गंज सुरू होतो. गंज ओरखड्यापुरता राहत नाही, तो रंगाच्या खालून पसरत जातो. वरून फक्त फोड दिसतो, आत पत्रा खात चाललेला असतो. नव्या गाड्यांच्या पत्र्यावर बऱ्याच ठिकाणी जस्ताचा थर असतो, त्यामुळं गंज उशिरा धरतो, पण धरतो.

शेतकऱ्याच्या गाडीला याचा धोका जास्त. आखाड्यावर जाताना डिकीत युरियाची, डीएपीची गोणी टाकली जाते. खत म्हणजे क्षार. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि उघड्या पत्र्यावर पडले तर गंज लवकर धरतो. त्यामुळं डिकीच्या कडेला आणि आतल्या पत्र्याला गोणी ओढताना पडलेले ओरखडे बाहेरच्या रेघेपेक्षा जास्त घातक असतात, कारण तिकडं कोणी बघत नाही. खत न्यायचंच असेल तर खाली ताडपत्री टाकावी आणि नंतर डिकी पाण्यानं पुसून कोरडी करावी.

पेंटरकडे जायला लगेच वेळ नसेल तर तात्पुरता उपाय आहे. ओरखडा साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवावा आणि त्यात बारीक काडीनं पारदर्शक नेलपॉलिश भरावं. दिसायला ते काही चांगलं दिसत नाही, पण पाणी पत्र्यापर्यंत जात नाही. गंज आधीच दिसत असेल तर तो घासून काढल्याशिवाय वरून काहीही लावू नये. गंजावर रंग मारला तर गंज आत वाढतच राहतो.

लहान ठिपक्याएवढ्या किंवा बोटभर जागेसाठी टचअपची बाटली पुरते. आधी प्रायमर, तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात, शेवटी लॅकर. एकाच जाड हातात भरलं तर थेंब सुटतो आणि वाळत नाही. टचअप जवळून दिसतंच. त्याचं काम गंज थांबवण्याचं आहे.

रंग घेताना नुसतं 'पांढरा' म्हणून चालत नाही. मारुतीच्याच गाड्यांत सुपिरियर व्हाइट वेगळा आणि पर्ल आर्क्टिक व्हाइट वेगळा. प्रत्येक शेडला कोड असतो. तो गाडीप्रमाणं दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो. त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून दुकानात जावं.

बंपरला घाई नाही

गाडीचं सगळ्यात जास्त घासतं ते बंपरला आणि घाबरगुंडी उडते तीही बंपरवरूनच. पण आजकालच्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा असतो. त्याला गंज धरत नाही. बंपर फुटलेला किंवा क्लिपमधून निघालेला नसेल तर ओरखडा कितीही खोल असला तरी तो दिसण्यापुरताच आहे. पैसे कमी असतील तर आधी दाराचा उघडा पत्रा झाकून घ्यावा, बंपर दिवाळीनंतर बघितला तरी चालतो. एखादा भाग पत्र्याचा की प्लास्टिकचा हे कळत नसेल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावून बघावं. पत्र्याला चिकटतं, प्लास्टिकला नाही. हीच युक्ती सेकंड हँड गाडी घेतानाही कामी येते. दारावर एका ठिकाणी चुंबक नीट धरतं आणि बाजूला सटकतं, म्हणजे तिथं जाड पुट्टी, पेंटरच्या भाषेत लांबी, भरलेली असण्याची शक्यता आहे.

पेंटरकडे जाताना काय विचारावं

मोठा ओरखडा असेल तर पेंटरशिवाय पर्याय नाही. कंधार, लोहा भागात उघड्या शेडमध्ये काम होतं, नांदेड-लातूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बंद बूथ असतो. बूथमध्ये धूळ बसत नाही आणि रंग उष्णतेवर वाळतो, म्हणून तिथं दर जास्त. गावातला चांगला पेंटरही काम नीट करतो, फक्त काही गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात.

एक, पूर्ण पॅनल मारणार की तुकडा? दाराच्या मधोमध तुकडा मारला तर मेटॅलिक रंगात तो ठिगळासारखा दिसतो. दोन, शेड कोडवरून मिक्स करून आणणार की नजरेनं? तीन, लॅकर हार्डनर घालून मारणार का? हार्डनर नसलेलं लॅकर स्वस्त पडतं, पण पंपावर पेट्रोल सांडलं तरी मऊ पडतं. चार, गंज पूर्ण काढून प्रायमर मारणार ना? जमलं तर लांबी भरायच्या आधी एकदा जाऊन बघावं. नंतर आत काय झाकलंय ते कळत नाही.

भर पावसाळ्यात उघड्यावर रंग मारून घेऊ नये. हवेत ओलावा जास्त असला की लॅकर पांढुरकं पडतं. चैत्र-वैशाखात वारा सुटतो तेव्हा धूळ चिकटते. पाऊस संपल्यावर, कोरड्या हवेत, सकाळचं काम उत्तम. रंग झाल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नये आणि साधारण महिनाभर वॅक्स लावू नये, कव्हर टाकू नये.

हार्डनरच्या रंगातली वाफ फुप्फुसाला घातक असते आणि नाकाला बांधलेल्या रुमालानं ती अडत नाही. पेंटरनं योग्य मास्क वापरावा आणि गन चालू असताना लेकरांना तिथं उभं करू नये.

आणि पूर्ण गाडीचा रंगच बदलायचा विचार असेल तर लक्षात ठेवावं, आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. तो बदलला तर आरटीओकडे नोंद बदलावी लागते. त्याच रंगात दुरुस्ती केली तर याची गरज नाही.

विम्यातून करावं का? आधी हिशेब मांडा

पहिली गोष्ट, गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या ओरखड्याचा एक पैसाही मिळत नाही. कायद्यानं बंधनकारक आहे तो तेवढाच विमा, आणि जुन्या गाड्यांवर बऱ्याचदा तोच असतो.

फुल विमा असेल तरी लहान ओरखड्याला क्लेम करणं अनेकदा तोट्याचं ठरतं. कारण नो क्लेम बोनस. क्लेम न केल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ही सूट शून्यावर येते आणि शिडी पुन्हा खालून चढावी लागते.

उदाहरण घेऊ. समजा हा हप्ता 6000 रुपये आहे आणि सध्या 35 टक्के सूट चालू आहे. यंदा क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी 45 टक्के सूट मिळून 3300 रुपये भरावे लागतील. क्लेम केला तर पूर्ण 6000. फरक 2700. त्याच्या पुढच्या वर्षी 50 टक्क्यांऐवजी 20 टक्केच सूट, फरक 1800. मग 1500, मग 900, मग 300. हप्ता तेवढाच धरला तर पाच वर्षांत 7200 रुपयांचं नुकसान. गाडी जुनी होईल तसा हप्ता कमी होत जातो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल.

आता मिळणार काय ते बघू. दार रंगवायचं बिल 4000 रुपये धरा. 1500 सीसीपर्यंतच्या कारला पहिले 1000 रुपये मालकालाच भरावे लागतात, त्यापेक्षा मोठ्या इंजिनला 2000. शिवाय रंगाच्या सामानावर 50 टक्के घसारा कापला जातो. एकत्र बिल असेल तर त्यातला 25 टक्के भाग सामानाचा धरतात, म्हणजे 1000 रुपयांवर 500 कापले. हातात पडले 2500. म्हणजे 2500 मिळवण्यासाठी 7000 च्या आसपास घालवले. झिरो डेप पॉलिसीत घसारा कापला जात नाही, पण पहिले 1000 रुपये आणि बोनसचं नुकसान तसंच राहतं.

म्हणून साधा हिशेब असा, की दोन-तीन पॅनल दबलेत, मोठं बिल आहे, तर क्लेम करावा. एका दाराच्या रेघेसाठी करू नये. क्लेम करायचाच असेल तर दुरुस्तीच्या आधी कंपनीला कळवावं आणि फोटो काढून ठेवावेत.

सेकंड हँड गाडी घेतलेल्यांनी आणखी एक बघावं. आरसी नावावर झाली, पण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर नुकसानीचा क्लेम अडकतो. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी बदलून घ्यावी. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र नव्या मालकाला मिळत नाही.

दुसऱ्यानं पाडला तर

गावात ओरखड्यावरून होणारं भांडण रंगाच्या खर्चापेक्षा महाग पडतं. ट्रॉलीवाला ओळखीचा, खडा मारणारं लेकरू भावकीतलं. अशा वेळी रागाच्या भरात तिथंच आकडा बोलू नये. फोटो काढावा, नखाची परीक्षा करावी, पेंटरकडून काय लागेल ते विचारावं आणि मग बसून बोलावं. पॉलिशवर भागणाऱ्या रेघेला पूर्ण दाराचे पैसे मागितले की समोरचाही भडकतो.

कोणी मुद्दाम खिळ्यानं गाडी कोरली असेल तर तो गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम नुकसान करणं येतं. पोलीस ठाण्यात तक्रार देताना फोटो, वेळ आणि जवळपास सीसीटीव्ही असेल तर त्याची माहिती सोबत न्यावी.

ओरखडा पडूच नये म्हणून

सगळ्यात जास्त ओरखडे काट्यानं नाही, फडक्यानं पडतात. मुरमाच्या रस्त्याची धूळ कोरड्या फडक्यानं पुसली की ती वॉटर पेपरसारखं काम करते. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मगच हात लावावा. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू आणि मिरवणुकीतला गुलाल यांनाही हाच नियम. कोरडं झटकू नये, पाण्यानं धुवावं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नये, लगेच पुसून घ्यावी, नाहीतर पांढरे डाग राहतात.

शेळ्या बांधल्यात तिथं गाडी लावू नये, त्या सावलीला नाही तर बॉनेटवर चढायलाच येतात. माळेगावच्या यात्रेत किंवा लग्नाच्या मांडवापाशी गाडी दाटीत घुसवण्यापेक्षा थोडी लांब लावून चालत जावं. टेफ्लॉन, सिरॅमिक कोटिंगनं चमक टिकते आणि धूळ लवकर निघते, पण बाभळीचा काटा त्यानं अडत नाही.

आणि रोजच्या पांदणीतल्या फांद्या पेरणीच्या आधी चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकदा छाटून घेतल्या, तर एका सकाळचं काम आहे. त्यात गाडी वाचते, बैलगाडीवरच्या माणसाचा डोळाही वाचतो.